खिडकीनं खाल्लेले तीन शब्द

निवृत्त झाल्यावर बाई गप्प बसतील, अशी आमच्या शाळेतल्या लोकांना आशा होती. तीस वर्षं मराठी शिकवताना मी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांचे अर्ज लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवले होते, त्यामुळे त्यांचा जीव माझ्या निरोप समारंभाकडे लागला होता. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. वर्षभरात पुण्याच्या एका प्रकाशकानं शब्दकोशाचं काम दिलं. वर्तमानपत्रात नि टीव्हीवर सारखे येणारे इंग्रजी शब्द घ्यायचे, त्यांचा मराठी अर्थ लिहायचा आणि वापराचं एक वाक्य द्यायचं. राजारामपुरीतल्या माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मी एकेका शब्दाची चिठ्ठी करत बसायचे.

एक दिवस ‘प्रो-लाइफ’ हा शब्द आला. त्यात डोकं खाजवण्यासारखं काही वाटलं नाही. चिठ्ठीवर ‘गर्भपातविरोधी’ असं लिहिलं, फोटो काढून पुण्याला पाठवला आणि चहा टाकायला उठले. आधण यायच्या आत फोन वाजला. कोशाचं संपादन करणारी मुलगी होती, तिशीतली, हुशार आणि बोलायला साखरेसारखी.

“बाई, अर्थ बरोबर आहे हो, पण त्या शब्दात विरोध कुठंच नाही. सरळ बघितलं तर ‘जिवाच्या बाजूचा’ असं होतं.”

“मग काय लिहू? जीवनवादी?”

“चालेल की.”

“आणि जे त्यांच्या बाजूचे नाहीत ते कोण? मरणवादी?”

ती हसली. मी हसायला सांगितलं नव्हतं.

खरं तर तिचं म्हणणं मला कळत होतं. आपल्याकडे बारशाला आत्या पोराच्या कानात कुर्र करते आणि नाव ठेवते. तिकडं परदेशात ज्यानं त्यानं स्वतःच्याच कानात कुर्र करून घेतलंय. गर्भपाताला विरोध करणारे म्हणतात, आम्ही जिवाच्या बाजूचे. तो हक्क मागणारे म्हणतात, आम्ही निवडीच्या बाजूचे. नावं ऐकली तर वाटावं, कुणीच कशाच्या विरुद्ध नाही, आणि भांडण मात्र पिढ्यान्पिढ्या चाललंय. अशा शब्दाचा अर्थ लिहिताना पंचाईत होते. माणूस स्वतःला काय म्हणवतो ते लिहायचं, की तो काय करतो ते?

आमच्या भागात तर त्या भांडणाला जागाच नाही. इथल्या बायका ‘गर्भपात’ हा शब्दही तोंडात घेत नाहीत. ‘पिशवी साफ केली’ म्हणतात, ‘क्युरेटिंग केलं’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘खाली केलं’, तेही पदर तोंडाला लावून. या विषयावर आमच्याकडे भिंती रंगल्या, फेऱ्या निघाल्या, त्या एकाच कारणासाठी, पोटातल्या मुली वाचवायला. त्यात मी पुढं होते. त्यामुळे या बाबतीत मला कुणी शिकवू नये, असा माझा एक तोरा होता.

“चिठ्ठी बाजूला ठेवते,” मी तिला म्हटलं आणि शब्दापुढं प्रश्नचिन्ह काढलं.

त्याच आठवड्यात आमच्या मावशींचं मीठ बिघडलं. मावशी म्हणजे माझ्याकडे बारा वर्षं स्वयंपाकाला येणाऱ्या. शहराला लागून असलेल्या एका गावातून रोज सकाळी केएमटीनं येतात, आल्या आल्या बसमधल्या अख्ख्या भांडणाचा वृत्तान्त सांगतात आणि मी चूक काढली तर “तुमीच करा मग” म्हणून पळी माझ्या हातात देतात. त्या आठवड्यात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सोमवारी आमटी खारट झाली, मंगळवारी अळणी. बुधवारी मी ताट सारलं.

“मावशी, काय झालंय? सांगा की.”

“काय न्हाय.”

“काय न्हाय कसं? दोन दिवस मी गपगुमान गिळतेय म्हणजे मला जीभ नाही असं वाटलं का?”

एरवी त्या फिसकन हसल्या असत्या. तेव्हा खाली बसल्या, पाठ भिंतीला टेकवली आणि सांगू लागल्या. सुनेला पाचवा महिना सरत आला होता. तपासणीला सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी एकदा बघितलं, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, पुन्हा बघितलं.

“पोराच्या डोक्याला वरचं हाडच धरलं न्हाय म्हनं, बाई. जल्माला आलं तरी ऱ्हायाचं न्हाय. तासभर काडलं तर लई.”

मावशींची सून मला ठाऊक होती. आजऱ्याकडची, चटपटीत, बारावी झालेली. पहिली एक मुलगी आहे तिला, चार वर्षांची.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“मोकळी करून घ्या म्हनाले. कायद्यात बसतंय म्हनं. पन लवकर ठरवा, आनिक दिवस चढले की मग मोठ्या समितीफुडं जावं लागंल, अवघड हाय, असं म्हनाले.”

“मग कधी जाताय?”

“कुटं जायाचं?” मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “गुन्हा हाय न्हवं त्यो. पोराला आत घालतील. ल्हान पोर हाय पदरात.”

“कोण म्हणालं गुन्हा आहे म्हणून?” माझा आवाज चढला. “कुठल्या शहाण्यानं सांगितलं तुम्हाला?”

मावशी उठल्या, बाहेरच्या खोलीत गेल्या आणि मला हाक मारली. सोफ्याच्या वर माझा एक फोटो लावलेला आहे. रोज त्याच फोटोवरून त्या फडकं फिरवतात. फोटोत मी एका रंगवलेल्या भिंतीजवळ हातात नारळ घेऊन हसत उभी आहे. मावशींनी फडक्यानंच त्या भिंतीकडे दाखवलं.

“तुमीच लिवलंय की.”

भिंतीवर निळ्या अक्षरात स्वच्छ दिसत होतं: गर्भ पाडणे गुन्हा आहे.

आता त्या भिंतीचं सांगितलं पाहिजे. आठ-नऊ वर्षं झाली असतील. तेव्हा सोनोग्राफीचं यंत्र गाडीत घालून गावोगाव हिंडवणारे नग होते. माझ्या एका चुलत जावेचं पोट, आत मुलगी आहे म्हणून, दोनदा खाली केलं. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले, आणि ती पेढा हातात धरून माझ्याकडे नुसती बघत राहिली. ते बघणं माझ्या डोक्यात बसलं होतं. आमच्या महिला मंडळानं घोषवाक्यांची स्पर्धा घेतली तेव्हा मी एका बैठकीत लिहून टाकलं: ‘गर्भलिंग तपासून मुलीचा गर्भ पाडणे गुन्हा आहे.’ नटवं काही नाही, यमक नाही, पण एकही शब्द फालतू नाही. पहिलं बक्षीस मिळालं आणि आसपासच्या पाच गावांत ते रंगवायचं ठरलं.

मावशींच्या गावात दूध संस्थेची भिंत मिळाली. सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव दूध घालायला तिथं येतं, त्यापेक्षा मोठी जागा नाही. उद्घाटनाला मी गेले तेव्हा पेंटर शिडीवरून उतरत होता. मी भिंतीकडे बघितलं नि विचारलं, “अहो, माझे तीन शब्द कुठं गेले?”

“मधी खिडकी आली की, बाई,” तो ब्रश पुसत म्हणाला. “दुधाचं माप घ्याची खिडकी हाय ती, बुजवून चालंल व्हय? समदं बसंना. म्हटलं, मुद्द्याचं तेवढं ऱ्हाऊ दे.”

खिडकीच्या एका बाजूला संस्थेचं नाव होतं. दुसऱ्या बाजूला माझं वाक्य, शेवटच्या चार शब्दांचं. मुलीचा गर्भ नाही, लिंग तपासून नाही, नुसतं गर्भ पाडणे.

मला कळलं होतं. उगाच खोटं कशाला बोलू? मराठीच्या बाईला तीन शब्द गेल्यावर अर्थ कुठं जातो ते कळत नाही होय? पण सरपंच आले होते, फोटोवाला “बाई, जरा डावीकडं” म्हणून ओरडत होता, माझ्या हातात नारळ होता आणि अंगावर नवी साडी होती. “असू दे, लोकांना कळतंय,” मी म्हणाले आणि फोटोला हसले. पोरांच्या निबंधातला एक अनुस्वार न सोडणारी मी, तिथं तीन शब्द सोडून आले. वर तो फोटो चौकटीत घालून घरात लावला.

मावशी मला काही दोष देत नव्हत्या, हे जास्त लागलं. त्यांच्या दृष्टीनं बाईंनी लिहिलंय म्हणजे खरं आहे. इतकी वर्षं फोटोवरून फडकं फिरवताना त्या रोज ती ओळ बघत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मावशींबरोबर मीच केएमटीत बसले. दूध संस्थेपाशी उतरलो. भिंत होती तशीच होती. खालचा रंग पोपडे धरून सुटला होता, पण निळी अक्षरं पेंटरनं इमानदारीनं काढली होती, एक वेलांटी उडाली नव्हती. मला त्या भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

घरात मावशींचा मुलगा होता. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला आहे. त्या आठवड्यात दुपारची पाळी होती. सून आतल्या दाराशी बसून मेथी निवडत होती आणि तिची लेक काड्यांची घरं करत होती. मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मी पाण्याला हात न लावता सुरू केलं.

“डॉक्टरांनी सांगितलंय ते खरं आहे. कायदा परवानगी देतो. तुम्ही कशाला दिवस घालवताय?”

मुलगा मान खाली घालून म्हणाला, “डॉक्टर म्हनाल्यात व्हय. पन भिंतीवर सरकारनं लिवलंय, बाई. डॉक्टर आज हाय, उद्या बदली हून जाईल. भिंत हितंच हाय.”

“ते सरकारनं नाही लिहिलं, मी लिहिलंय!” मी एवढ्या जोरात ओरडले की पोरीनं काड्या टाकल्या. “आणि अर्धंच लिहिलंय! त्यातले तीन शब्द खिडकीनं खाल्लेत!”

मग मी सगळं सांगितलं. पूर्ण वाक्य काय होतं, पेंटर काय म्हणाला, मी काय म्हणाले. मुलगी आहे म्हणून पाडणं गुन्हा आहे, हे तसलं नाही, हे सांगितलं. वर कायदाही शिकवला. “आणि कुणाकुणाच्या सह्या गोळा करत बसायचं नाही. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची लागत नाही. कायद्याला हिची एकटीची सही लागते.” हे बोलताना माझं बोट सुनेकडे होतं आणि तोंड मुलाकडे. ते मला नंतर कळलं.

मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. मुलानं पोरीच्या सांडलेल्या काड्या गोळा केल्या. मग म्हणाला, “ते तीन शब्द असते तर आनिकच वाईट हुतं, बाई.”

“ते कसं काय?”

“पैली पोरगी हाय आमाला. आता ह्ये बी पोरगी निघाली तर? गाव काय म्हनंल? डोक्याचं हाड कोन बगाय येतंय? पोरगी हुती म्हनून पाडली म्हनतील. दूध संस्थेत उभं ऱ्हाऊन बोलतील. माज्या पोरीच्या कानावर जाईल उद्या.”

माझी ती पूर्ण, निर्दोष, बक्षीसपात्र ओळसुद्धा त्याच्या उपयोगाची नव्हती. ज्या गावाला मी ओरडून ओरडून शहाणं करायला गेले होते, त्या गावाच्या नजरेलाच तो भीत होता. मी मावशींकडे बघितलं, मावशी पत्र्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात दाराशी बसलेली सून म्हणाली, “माजी सही लागती म्हनलासा न्हवं, बाई?”

“हो. तुझीच.”

“मग मला इचारा की.”

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. आवाज चढवला नाही, रडली नाही. “डॉक्टरनी ह्यास्नी सांगिटलं. ह्यांनी आत्तीस्नी सांगिटलं. आत्तीनी तुमास्नी सांगिटलं. पोट माजं हाय. तुमी बी आल्यापास्नं ह्यांच्यासंगंच बोलताय.”

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्यानं मला इतकं बरोबर पकडलं नव्हतं.

“चुकलं माझं,” मी म्हणाले. पाट उचलला आणि तिच्यासमोर नेऊन बसले. “सांग. तुला काय पाहिजे?”

“मी जानार हाय दवाखान्यात,” ती म्हणाली. “ते ऱ्हायाचं न्हाय हे मला कळलंय. नऊ म्हैने वागवून मग मातीत ठेवायची ताकद न्हाय माज्यात. गाव काय म्हनायचं ते म्हनू दे. पन...” तिनं एक काडी उचलली, मोडली. “पन ते हलतंय, बाई. रोज हलतंय. आत्तीनी चोरचोळीला हिरवा खण आनलाता. डॉक्टरकडनं आल्यावर ट्रंकंत तळाला घातला. मी बगितलंय. त्येनं काय केलंय? जायच्या आदी माजी वटी भरा. मग जाते मी.”

चोरचोळी आमच्याकडे पाचव्या महिन्यात करतात. डोहाळजेवणासारखा गाजावाजा नसतो, बाहेरच्या बायका नसतात. घरातल्या घरात हिरवा खण देऊन ओटी भरतात, पोटातल्या पाहुण्याचं पहिलं कौतुक म्हणून. ते राहून गेलं होतं, आणि आता कुणी करणार नाही हे तिनं ओळखलं होतं.

“अगं, असल्या येळंला...” मावशी बोलायला लागल्या आणि थांबल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. शुभ-अशुभाची सगळी कोष्टकं त्यांच्या तोंडावरून सरकत गेलेली मला दिसली. मग त्या उठल्या. ट्रंक ओढली, वरची कांबळी, पोरीचे जुने झबले, लग्नातली भांडी, सगळं बाहेर काढलं आणि तळातून खण आणला. आजऱ्याहून सुनेच्या आईनं घनसाळ तांदूळ पाठवले होते, चोरचोळीसाठीच. फळीवरचा तो डबाही काढला. खोलीभर तांदळाचा वास सुटला.

मावशींनी तिला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, कुंकू लावलं, खण दिला आणि ओंजळीनं ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, नारळ. मी उंबऱ्याजवळ सरकले होते. यजमान गेल्यापासून अशा वेळी मी आपणहून बाजूला होते, कुणाला सांगायची पाळी आणत नाही. पण सून म्हणाली, “बाई, तुमी बी,” आणि मावशींनी माझं मनगट धरून मला पुढं ओढलं. “या की आता. कशाला मागं ऱ्हाताय.”

मी ओंजळ भरली. तिच्या पदरात तांदूळ सोडले. चार वर्षांच्या पोरीला वाटलं, सणच आहे. तिनंही चिमूटभर तांदूळ आईच्या पदरात टाकले. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. तो रडत होता, आणि कुणीही त्याला गप्प केलं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. नर्सनं कागद नेहमीच्या सवयीनं नवऱ्यापुढं धरला. सुनेनं मधेच हात घालून तो घेतला.

“वाचता येतं का गं?” नर्सनं विचारलं.

“बारावी झालीया माजी.”

तिनं कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मधे दोन शब्दांचे अर्थ मला विचारले. मी सांगितले, एकही शब्द न गाळता. मग तिनं सही केली, पूर्ण नाव घालून. पुढचं सगळं त्या दोन दिवसांत पार पडलं. मी आणि मावशी बाहेर बाकावर बसून होतो.

ती घरी आली तशी मी पेंटरला गाठलं. पिकला होता आता. “कोन रंगवून घेतंय बाई, समदं फ्लेक्स झालंय,” म्हणत म्हणत आला. दूध संस्थेसमोर मी छत्री घेऊन उभी राहिले आणि त्याच्याकडून एकेक शब्द मोठ्यानं वाचून घेतला. खिडकी तिथंच होती, म्हणून माझं जुनं वाक्य, सगळ्या शब्दांसकट, खिडकीच्या वरून नेलं. खाली नवीन ओळ घातली: ‘गर्भात गंभीर दोष असेल किंवा आईच्या जिवाला धोका असेल, तर गर्भपाताला कायद्याची परवानगी आहे. डॉक्टरांना विचारा. आधी तिला विचारा.’

संस्थेचा सेक्रेटरी बाहेर आला. “ओ पावणं, ह्ये कुनी सांगिटलं लिवाय?”

“मागचं कुणी सांगितलं होतं?”

“ते सरकारचं हुतं की.”

“तेही माझंच होतं,” मी म्हटलं. तो डोकं खाजवत आत गेला आणि पुन्हा काही बाहेर आला नाही.

घरी येऊन मी प्रश्नचिन्हाची चिठ्ठी काढली. लिहिलं: ‘गर्भपातविरोधी, जन्माआधीच्या जिवालाही जगण्याचा हक्क आहे असे मानून गर्भपाताला विरोध करणारा. हे नाव या मताचे लोक स्वतःला देतात. विरुद्ध मताचे लोक त्यांना असे म्हणतीलच असे नाही.’ लांबलं, पण यातला एक शब्द काढायची माझी तयारी नव्हती. पुण्याच्या मुलीला आवडलं. “वापराचं वाक्य तेवढं द्या, बाई,” म्हणाली.

तिथं मी अडले. त्या मताच्या माणसांना पोटातल्या जिवाची कळकळ असते, ती खोटी म्हणायला माझी जीभ रेटेना. मावशींच्या सुनेला ती काय कमी होती? हिरवा खण तिनंच मागितला होता. आणि सहीही तिनंच केली होती. मुलींसाठी घसा फोडणारी मी त्या शब्दात बसते की नाही, तेही मला सांगता येईना. तीन दिवस मी वाक्य जुळवत होते, आणि ज्या वाक्यात मावशींची सून बसेल असं एकही मला जमलं नाही. शेवटी एका परदेशी निवडणुकीची कोरडी ओळ पाठवून दिली.

महिन्याभरानं एका दुपारी मावशी सुनेला घेऊन आल्या. तिच्या हातात हिरव्या खणात बांधलेलं गाठोडं होतं. ते ओटीतले तांदूळ होते. ओटीचे तांदूळ जिची ओटी तिनंच शिजवून खायचे असतात, बाहेर द्यायचे नाहीत. एवढे दिवस ते तसेच होते.

“घरात शिजवाय घेतलं की ह्ये उठून भायेर जात्यात,” ती म्हणाली. “हितं शिजवू का?”

मी गॅस मोकळा करून दिला. तिनंच तांदूळ धुतले, तिनंच आधण ठेवलं. मावशींनी आमटी केली. मीठ बरोबर पडलं होतं. आम्ही तिघी टेबलावर बसलो. तिनं पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

“पोरगी हुती, बाई,” ती म्हणाली. मावशींना ते ठाऊक होतं, मला नव्हतं. “तुमी वटी भरलासा तवा लई हलली. तिला कळलं असंल की.”

मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. जेवण झाल्यावर सून भांडी घासून बाहेरच्या खोलीत गेली आणि फोटोसमोर उभी राहिली. तो मी काढून टाकलेला नाही. ‘राहू दे, रोज बघेन,’ असं ठरवलंय.

“हे मी लिहू का गं?” मी तिला विचारलं. “नाव घालणार नाही. गाव घालणार नाही. तू नको म्हणालीस तर लिहिणार नाही.”

तिनं फोटोतल्या भिंतीवर बोट ठेवलं, जिथं खिडकी आहे तिथं.

“लिवा की,” ती म्हणाली. “पन ह्या टायमाला समदं लिवा.”